बाजीरावाच्या घरपालटाविषयी सविस्तर निवेदन

बेंगळुरू, वैशाख

तीर्थरूप दादा व सौ. आई यांच्या चरणी बेंगळुरूच्या समस्त मंडळींचा कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

घरातील कासव राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेस आणावे आणि कृष्णाघाटावर सोडून पुण्य पदरात पाडून घ्यावे, ही तीर्थरूपांची सूचना येथील कुटुंबात आदरपूर्वक वाचण्यात आली आणि तितक्याच आदरपूर्वक फेटाळण्यात आली. त्याची कारणे कळविणे हे प्रस्तुत पत्राचे प्रयोजन आहे.

बाजीराव हा ‘रेड-इअर्ड स्लायडर’ जातीचा, म्हणजे डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेल्या, गोड्या पाण्यातील कासवांपैकी असून या जातीचे मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे हे आहे. दुकानातून आणला तेव्हा तो दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मोठा होता आणि ‘हे एवढेच राहते’ असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते. वस्तुतः या जातीच्या मादीची पाठ 25 सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक वाढते आणि नीट सांभाळल्यास आयुष्य 20 ते 30 वर्षे सहज असते, म्हणजे सदनिकेचे कर्ज फिटले तरी कासव शिल्लक राहते. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब असतात. बाजीरावाची तशी नसल्याचे पशुवैद्यांनी दाखवून दिल्यावर तो मादी ठरला, परंतु तोवर नाव अंगवळणी पडले होते व कासवाने हरकत घेतली नाही.

सांभाळ अशक्य होण्यामागे पाणी हे मुख्य कारण आहे. हा प्राणी ज्या पाण्यात जेवतो त्याच पाण्यात उरलेले सर्व विधी उरकतो, त्यामुळे फिल्टर, म्हणजे पाणी गाळून फिरते ठेवणारे यंत्र, अहोरात्र चालवूनही टाकीतील पाणी वरचेवर बदलावे लागते. आणि हे शहर आपले पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरील कावेरीतून उपसून आणते. मार्च 2024 मध्ये येथे टंचाई पडली तेव्हा जलमंडळाने गाडी धुण्यास वा बागेला पिण्याचे पाणी वापरणाऱ्यास 5000 रुपये दंड जाहीर केला. कासवाची टाकी त्या यादीत नव्हती, परंतु बादल्या मोजणाऱ्या शेजाऱ्यांच्या नजरेत ती तेव्हापासून भरली. आता ज्या लहान घरात बिऱ्हाड हलवायचे आहे, तेथील सारी भिस्त टँकरवर असल्याने निर्णय टाळता येण्याजोगा उरला नाही.

कृष्णेत सोडण्यास हरकत अशी की हे कासव ‘आक्रमक परकी प्रजाती’ या वर्गात मोडते; म्हणजे बाहेरून आलेला जो जीव नव्या मुलखात तग धरतो, फोफावतो आणि तेथल्या मूळ रहिवाशांचे अन्न व जागा बळकावतो, तो. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या सुप्रसिद्ध यादीत या कासवाचे नाव आहे. कृष्णेच्या खोऱ्यातील लेथचे मऊ पाठीचे कासव, जे केवळ दक्षिण भारतीय द्वीपकल्पात आढळते, आधीच अतिसंकटग्रस्त आहे. त्याच्या पंक्तीला हा खादाड पाहुणा बसविण्यात पुण्य कोणते, हे कळत नाही. हलसूर तलावात गुपचूप सोडण्याचा येथील शेजाऱ्यांचा सल्लाही याच कारणास्तव बाद ठरला. त्रिशूर जिल्ह्यातील पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने तर अशी कासवे पाण्यात न सोडता आणून द्यावीत, असे लोकांना आवाहन केले होते.

कायदाही विरुद्ध आहे, जरी त्याचा धाक वाटावा अशी परिस्थिती नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 याच्या कलम 11 नुसार, उपासमार वा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहा ते पन्नास रुपये. या शहरात गाडी धुणे हे प्राणी टाकून देण्याहून किमान शंभरपट गंभीर ठरले, ही गोष्ट विधिज्ञांनी विचारात घ्यावी अशी आहे.

उरला मार्ग जबाबदार घरपालटाचा, म्हणजे प्राण्याची खरी माहिती देऊन, नवे घर पारखून आणि न जमल्यास परत घेण्याची तयारी ठेवून तो दुसऱ्याच्या हवाली करण्याचा. कुत्र्यामांजरांसाठी येथे क्रिस्टल रॉजर्स यांनी 1991 मध्ये स्थापन केलेल्या ‘क्यूपा’सारख्या संस्था आहेत, कासवाला मात्र वाली शोधावा लागतो. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी माणसाची येथे कशीबशी सोय होत आली आहे, तरी दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत आणि जातकुळीपासून स्वयंपाकापर्यंतची चौकशी त्याला चुकलेली नाही. त्या चौकशीचा दीर्घ अनुभव या प्रसंगी उलट बाजूने उपयोगी पडला. एका गृहस्थांना कासव वास्तुशास्त्राप्रमाणे उत्तरेकडे पितळी घंगाळात ठेवायचे होते; त्यांना पितळेचेच कासव घ्यावे असे सुचविण्यात आले. एका कडक शाकाहारी घराने सुकी कोळंबी दारातून आत येणार नाही असे बजावले. लहान मुलाच्या वाढदिवसासाठी मागणाऱ्यांना, या कासवांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडविणारे जंतू असू शकतात आणि त्यामुळेच अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, एवढे सांगताच त्यांनी सायकल घेण्याचे ठरविले.

अखेर बसवनगुडीतील एका निवृत्त प्राध्यापिकांचे घर पसंत पडले. त्यांच्या गच्चीवर उंच कठड्याचा हौद आहे, उन्हात अंग शेकण्यास दगड आहे, दुसरे कासव नसल्याने संततीची भीती नाही, आणि हौदातील मळके पाणी त्या नारळाला घालतात. पशुवैद्यांची तपासणी, खाण्याचे वेळापत्रक, दिवा, फिल्टर व टाकी यांसह बाजीराव गेल्या रविवारी तेथे रवाना झाला. हस्तांतराच्या कागदावर ‘नाव: बाजीराव, लिंग: मादी’ असे वाचून बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचले, परंतु सही केली.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

ता. क. सौ. आईंनी लोणच्यासाठी मागितलेली काचेची टाकी कासवाबरोबर गेली आहे. ती परत मागण्याचा विचार झाला होता, परंतु तिचा पूर्वेतिहास पाहता नवीन बरणीच पाठविण्यात येत आहे.