पणजोबा कंदाहारचे

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लातूरचे. पण मागच्या दिवाळीत पणजोबा एका रात्रीत अफगाणी झाले.

टोरंटोच्या पुतण्याने वंशावळीचं अ‍ॅप घेतलं होतं. ट्रंकेत सापडलेल्या पणजोबांच्या नोकरीच्या इंग्रजी दाखल्याचा फोटो मीच त्याला धाडला. जन्मगाव : के, ए, एन, डी, ए, एच, ए, आर. ना तालुका, ना जिल्हा. अ‍ॅपने लाल टाचणी थेट अफगाणिस्तानात खोचली. "काका, आपण मूळचे पठाण!" धाकट्या भावाने आरशात नाक बघून घेतलं. वहिनी म्हणाल्या, "तरीच!"

आता नांदेडपासून 50 किलोमीटरवर कंधार आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला, मन्याड नदी. पण उर्दूत दोन्ही गावांची अक्षरं एकच आणि जुन्या इंग्रजी कागदांत स्पेलिंगही तेच.

आमच्या आजीने हा घोळ आधीच घातला होता. डिसेंबर 1999. अपहरण केलेलं विमान कंदाहारला उतरवल्याची बातमी रेडिओवर लागली. आजी वाती वळत होती. तिचा हात थांबला. "मामंजींच्या गावाला? आन् तिथं इमान उतराया जागा कुठं हाय रं? मन्याडीत उतरिवलं का काय?" तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पुरावा म्हणून ते वाक्य लिहून ठेवायला हवं होतं.

पुतण्याला आजीची साक्ष चालेना, कागद हवा. दाखल्याच्या पाठीवर उर्दूत चार ओळी होत्या. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात निजामकाळचे उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांना आमच्याकडे भलताच भाव आलाय. नांदेडच्या एका निवृत्त गुरुजींचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाला टेकवला आणि म्हणाले, "कंधार शरीफ लिखा है साब. अपना दर्गेवाला कंधार." हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यामुळे गावाला लागलेलं 'शरीफ' इंग्रजी लिहिणाऱ्याने गाळलं आणि आम्ही खैबरखिंडीपलीकडे गेलो.

तरी एवढ्यावर भागलं. आजीचं माहेर माळेगाव. लोहा तालुक्यातलं, खंडोबाच्या यात्रेत घोडे-गाढवं विकली जातात ते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचं इंग्रजी स्पेलिंगही तेच. तो रकाना पुतण्याने अजून भरलेला नाही. भरला, की आजी यंत्रमागावर बसणार.

पणजोबा त्या अ‍ॅपवर अद्याप अफगाणिस्तानातच आहेत. दुरुस्तीचा अर्ज केलाय. त्यांनी पुरावा मागितलाय, तोही इंग्रजीत.