विष्णूचा अंश, किरकोळीत

बाळाचं नाव एकमेव हवं, पण विचित्र नको. वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं, पण बाईंना उच्चारता यावं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी नवे आजोबा सध्या हाच पेच सोडवत बसलेले असतात. मोबाइल सांगतो, 'रियांश' म्हणजे विष्णूचा अंश. 'कियांश' म्हणजे? तोही अंशच, बहुधा उरलेला. विष्णूची सहस्र नावं संपली, आता किरकोळीत अंश विकायला काढलेत.

मागची पिढी अर्थाच्या भानगडीत फारशी पडली नाही. रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक, वर कवी. शब्दांचा तोटा नव्हता. तरी 1973 मध्ये धाकट्याला नाव दिलं ते सचिनदेव बर्मन यांचं. गावसकरांनी तर 1976 मध्ये एकाच पोरात तीन फलंदाज बसवले: रोहन कन्हायचा रोहन, जयसिंहाचा जय आणि विश्वनाथचा विश्व. रोहन जयविश्व! कन्हाय गयानाचे, पूर्वज इथूनच मजुरीला गेलेले. नाव बोटीनं गेलं आणि बॅटीवर बसून परत आलं. अर्थ हवाच असेल तर घ्या: पडता पडता मारलेला हुक.

खुद्द शिवाजी पार्क मैदानाचंही पहिलं नाव टिकलं नाही. 1925 मध्ये जन्मलं तेव्हा ते 'माहीम पार्क' होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आत्याबाईंचा मान घेतला आणि शिवजन्माच्या त्रिशताब्दीला नवं बारसं झालं. तेव्हा जन्मसाल 1627 धरत. आज सरकारी जयंती 1630 च्या हिशेबानं होते. पत्रिका तीन वर्षं सरकली, तरी नाव बदला असं कुणी ज्योतिषी म्हणाला नाही. म्हणायची छाती कुणाची?

कायदाही उदार आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नावाची जागा वर्षभर फुकट रिकामी ठेवता येते. शुल्क भरलं तर पंधरा वर्षं. तोवर मैदानानं आपलं बारसं उरकलेलं असतं. इथे सचिनचा सच्या होतो, प्रशांतचा पश्या. कियांशचा 'क्या' होणार. चोरटी धाव घ्यायला समोरचा ओरडेल, "क्या!" आणि हा क्रीझमध्येच उभा राहून विचारील, "काय क्या?"