अडुसष्टकाका

नवी मुंबईत १९६८ हे साल आलंच नाही. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. मुंबईत लोक रेशनच्या रांगेत उभे होते आणि राजेश खन्नाची वाट पाहत होते, तेव्हा आमचं शहर जन्माला यायचं होतं. त्यामुळे ‘पूर्वी इथं असं होतं’ असं सांगायला आमच्याकडे फारसं कुणी नाही. ही उणीव वाशीच्या आमच्या सेक्टरात एका माणसानं एकहाती भरून काढली आहे. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते फक्त कुरियरवाला वाचतो. बाकी सगळे त्यांना अडुसष्टकाका म्हणतात.

वय ऐंशीच्या पुढे. टेरिकॉटची पँट, अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट आणि मागच्या खिशात कंगवा. डोक्यावर केस उरले नसल्यामुळे कंगव्याला काम नाही, पण काका केंद्र सरकारच्या नोकरीत होते. काम नाही म्हणून कुणाला काढून टाकणं त्यांच्या स्वभावात नाही.

काकांशी बोलताना आकडा उच्चारायचा नाही, हा आमच्या बिल्डिंगचा अलिखित नियम आहे. मागे एकदा छातीत दुखतंय म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर नाडी मोजून म्हणाले, “अडुसष्ट.” आडवे झालेले काका ताडकन उठून बसले. “काय साल होतं, डॉक्टर!” त्यानंतर बाहेर पेशंट ताटकळत बसले आणि आत तुरीची डाळ, घासलेट, गोडेतेल, ‘आरे’च्या दुधाची बाटली अशी एकेक वस्तू आपापल्या भावासह तपासून झाली. दुखणं गॅसचं निघालं. डॉक्टरांची फी ऐकून मात्र काकांच्या छातीत पुन्हा एक कळ आली.

काकांचं एक वैशिष्ट्य ध्यानात यायला मला बराच काळ लागला. जगात सगळ्या वस्तूंचे भाव चढतात, पण काकांच्या तोंडचे अडुसष्ट सालचे भाव दर वर्षी उतरतात. वडापावचंच घ्या. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला तो पहिल्यांदा विकला गेला असं सांगतात, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्या गाडीपुढच्या पहिल्या पाच गिऱ्हाइकांत ते होते. मी वाशीत राहायला आलो तेव्हा काकांचा वडापाव २५ पैशांना होता. नोटबंदीच्या सुमाराला तो १५ वर आला. करोनानंतर १० पैसे झाला आणि त्यात चटणी वेगळी मिळू लागली. उतरण अशीच चालू राहिली तर दोनेक वर्षांत वडेवाला काकांच्या हातात वडापाव ठेवून वर पाच पैसे सुटे देईल. पोस्टकार्ड ते ५ पैशांचं सांगतात. वास्तविक १९६८ मध्येच ते ६ पैशांवरून १० पैशांवर गेलं होतं. मी तसं म्हणालो तर काका म्हणाले, “तुला काय माहीत? तू पत्र कधी लिहिलंयस?” वाद तिथं संपला, कारण मी खरोखरच लिहिलेलं नाही.

सिनेमाच्या बाबतीत काका भावापुरते थांबत नाहीत, भविष्यही सांगून टाकतात. म्हणजे मागचं. राजेश खन्नाचा ‘आराधना’ पाहून बाहेर पडतानाच त्यांनी सांगितलं होतं की हा पोरगा पाच वर्षं कुणाला उभं राहू देणार नाही. त्याच १९६९ मध्ये ‘सात हिंदुस्तानी’ पाहून त्यांनी त्यातल्या सर्वांत उंच हिंदुस्तानीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा अमिताभ त्या पोरग्याला खाली बसवणार. आता, महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिकांपैकी जेवढे लोक ‘सात हिंदुस्तानी’ तेव्हा पाहिल्याचं सांगतात, तेवढे खरोखर थेटरात गेले असते तर ख्वाजा अहमद अब्बास यांचा तो चित्रपट पडलाच नसता. पण काकांपुढे हे बोलायची सोय नाही. ते लगेच सीट नंबर सांगतात.

नातवानं एकदा त्यांना वाशीच्या मॉलमध्ये सिनेमाला नेलं. मध्यंतरात पॉपकॉर्नचा डबा आला, साडेचारशे रुपये. काकांनी तो मांडीवर ठेवला आणि अंधारात हिशेब केला. अडुसष्ट साली सोनं दहा ग्रॅमला १६० च्या आसपास, म्हणजे मांडीवर पावणेतीन तोळे लाह्या. त्यांनी एकेक दाणा मोजून खाल्ला, उरलेला डबा घरी आणला आणि काकूंना म्हणाले, “कपाटात ठेव.”

बातम्यांचंही तसंच. १९६७ ते १९६९ या काळात भारतात जे काही घडलं ते काकांपासून शंभर पावलांच्या आत घडलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्ल सेन यांनी के.ई.एम. रुग्णालयात भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं, त्या दिवशी काका आईचा केसपेपर घेऊन त्याच व्हरांड्यात उभे होते. त्यानंतर महिनाभरात अजित वाडेकरनं वेलिंग्टनला १४३ धावा काढल्या आणि पतौडीच्या संघानं परदेशातली पहिली मालिका जिंकली. वेलिंग्टन काही शंभर पावलांत बसत नाही. पण वाडेकर शिवाजी पार्कचा, काकांनी त्याला तिथं नेटमध्ये चेंडू आणून दिलेले, त्यामुळे त्यातल्या निदान चाळीस धावा हिशेबानं काकांच्या होतात.

एका सकाळी सागर विहारच्या बाकावर बसून ते म्हणाले, “आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला तो मी टीव्हीवर पाहिला. अंगावर काटा आला.”

मी म्हणालो, “काका, ते जुलै १९६९. मुंबईत टीव्ही २ ऑक्टोबर १९७२ ला आला.”

काकांनी खाडीपलीकडच्या मानखुर्दकडे क्षणभर पाहिलं. “मग रेडिओवर पाहिला असेन,” ते म्हणाले. “तेव्हाचा रेडिओ फार स्पष्ट असायचा.”

या सगळ्या इतिहासाला एकच अडचण आहे, ती म्हणजे काकू. काकांचं लग्न १९६७ च्या मे महिन्यातलं, त्यामुळे त्यांच्या सुवर्णकाळाला घरातच साक्षीदार मिळाला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला तेव्हा गिरगावातली सगळी चाळ आपण जागी केली, असं काका सांगतात. काकू आतून भाजी चिरता चिरता म्हणतात, “घोरत होते. भांडी पडायला लागली तेव्हा मी हलवून उठवलं, तर म्हणाले, ‘जागा आहे मी, हलवतेस कशाला?’ अर्ध्या मुंबईचा भूकंप यांनी माझ्या नावावर लावला.” चंद्राचंही काकूंना पक्कं आठवतं. आपल्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती, साडेआठला चार मिनिटं कमी. “चाळीत ती वेळ कसली असते ते यांना विचारा. तो तिकडे पाऊल टाकत होता तेव्हा हे टमरेल घेऊन रांगेत होते, आणि यांचा नंबर त्याच्या नंतर लागला.”

काकांना अडुसष्ट सालचे भाव पाठ आहेत, काकूंना रांगा पाठ आहेत. काका म्हणतात साखर अमुक भावानं मिळायची. काकू म्हणतात, मिळायची म्हणजे कार्डावर, माणशी मोजून, आणि दुकानदाराची मर्जी असेल तर. काका गव्हाचा भाव सांगतात. काकू त्या अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव सांगतात. दुधाला कार्ड, रॉकेलला डबा, फोन शेजाऱ्याचा, पी.पी., आणि स्कूटरला नंबर लावला तर ती मुलाच्या मुंजीला मिळायची. “स्वस्त होतं हो सगळं,” काकू विळी आडवी करत म्हणतात, “पण होतं कुठं?”

काकूंनीच मला एकदा आणखी एक गोष्ट सांगितली. त्या काळात त्यांचे मामंजी, म्हणजे काकांचे वडील, रोज संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बसून लढाईआधीचे भाव सांगायचे. तांदूळ, तूप, धोतरजोडी, सगळं. आणि अडुसष्ट सालच्या महागाईला शिव्या द्यायचे. मी काकांना याबद्दल छेडलं. काका गंभीर झाले. “बाबांची गोष्ट सोड,” ते म्हणाले. “त्यांना वाढवून सांगायची सवय होती.”

एकदा मी धीर करून विचारलं, “काका, तेव्हा पगार किती होता?” डाळीपासून सोन्यापर्यंत सगळे आकडे तोंडावर असलेल्या माणसाला अचानक ऐकू येईनासं झालं. शेवटी कपाटातल्या एका जुन्या फायलीनं उत्तर दिलं. काका कनिष्ठ लिपिक. श्रेणी ११० ते १८० रुपये, सुरुवातीची वार्षिक वाढ ३ रुपये. वर्षभर साहेबांची बोलणी खाऊन पुढच्या वर्षी तीन रुपये! मूळ पगारात दहा ग्रॅम सोनं येत नव्हतं. काकूंच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या सासूबाईंच्या पाटल्यांतून निघाल्या होत्या. काकांनी ज्या ज्या वस्तूचा भाव पाठ केला, त्यांतल्या बहुतेक वस्तू भाव विचारून परत ठेवलेल्या होत्या.

त्याच फायलीत एक पिवळा पडलेला कागद निघाला. एका दिवसाचा पगार का कापू नये, याचं कारण मागणारी नोटीस. दिवस १९ सप्टेंबर १९६८. मग उलगडा झाला. त्या दिवशी देशभरच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला होता. सरकारनं वटहुकूम काढून तो बेकायदा ठरवला, हजारोंना पकडलं, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. आणि फोर्टमधल्या एका कचेरीबाहेर घोषणा देणाऱ्यांत आमचे काका होते.

“काका, संप कशासाठी होता?”

“गरजेइतकं किमान वेतन हवं होतं. महागाई भत्ता मूळ पगारात मिळवा म्हणत होतो.”

“म्हणजे महागाई होती?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. “होती ना,” ते म्हणाले. “पण महागाईसुद्धा तेव्हा स्वस्त होती.”

मला हे उत्तर त्यांच्या एरवीच्या सगळ्या उत्तरांपेक्षा आवडलं. तेवीस-चोवीस वर्षांचा, घरात नवी बायको असलेला एक कारकून वटहुकमाला न घाबरता रस्त्यावर उतरला, ही त्या सालातली काकांची खरी कमाई. ती ते कुणालाच सांगत नाहीत. वडापावच्या गाडीपुढे पाचवे असल्याचं सांगतात.

ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात वाशीगावातले एक आगरी आजोबा येतात. ते काकांचं सगळं शांतपणे ऐकतात. एकदाच बोलले. “तुमच्या अडुसष्टात तुम्ही बसलाव ना, तिथं भरतीचा पानी यायचा. एकरानं जमीन होती. घेतली का नाय?”

प्रश्न योग्य होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्येच ‘मार्ग’ मासिकात मांडली होती. काका तेव्हाही रोज पेपर वाचत होते. “वाचलं होतं मी,” काका म्हणाले. “हसलो होतो. म्हटलं, खाडी ओलांडून चिखलात कोण राहायला जाणार?” आजोबांनी त्यांच्याकडे, मग बाकाखालच्या फरशीकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

शेवटी काका पुलावरून आलेच, सिडकोचं घर घेऊन. आता त्या घराच्या छताचं प्लॅस्टर पडतं आणि वाशीतल्या इतर अनेक जुन्या इमारतींप्रमाणे आमच्याकडेही पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. गेल्या महिन्यात त्यासाठी सर्वसाधारण सभा भरली. बिल्डरचा माणूस सूटबूट घालून आला होता. काका उभे राहिले तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी मोबाईल काढले. आता निदान वीस मिनिटं डाळ शिजणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

काकांनी खिशातून चिठ्ठी काढली. आमच्या सेक्टरातला आजचा चौरस फुटाचा दर, शेजारच्या सेक्टरातला दर, नव्या विमानतळामुळे त्यात झालेली वाढ, कॉर्पस, दोन वर्षांचं भाडं आगाऊ, पार्किंग स्वतंत्र. सगळं ताजं, त्या आठवड्याचं. अडुसष्टचं नावही नाही. बिल्डरच्या माणसानं कपाळाचा घाम पुसला.

सेक्रेटरींना राहवलं नाही. “काका,” ते म्हणाले, “तुम्ही हे घर ज्या भावानं घेतलं होतं, तो भाव यांना सांगा की जरा.”

काका संतापले. “अहो, जुने भाव काय उगाळत बसता? काळ कुठल्या कुठं गेला!”

सेक्रेटरींनी हे वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात उतरवून घेतलं आणि खाली काकांची सही घेतली. त्याच्या झेरॉक्स आता आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येकाच्या खिशात असतात.