गंगा आली, आम्हीही आलो

मुंबईहून मोटारीने राजापूरला जाणाऱ्या इसमाची प्रतिष्ठा कशेडीच्या घाटात डळमळू लागते, परशुरामाच्या घाटात ती पोटातून घशाशी येते, आणि चिपळूण मागे पडल्यावर तांबड्या धुळीत जी मिसळते ती पुन्हा हाती लागत नाही. अशा अवस्थेत, आमच्या लेखनाबद्दल जन्मगावाने योजिलेला जाहीर सत्कार स्वीकारण्यासाठी आम्ही गाडीतून उतरलो, तो समोर लोटलेला जनसमुदाय पाहून पायच लटपटले. कळशा, तांबे आणि गाठोडी सावरीत उभ्या असलेल्या त्या मंडळींना आम्ही संकोचाने हात जोडले. त्यांनी आम्हांला बाजूला सारून उन्हाळे गावाकडे जाणारी गाडी गाठली. गंगा आली होती!

राजापूरची गंगा पंचांगाला बांधलेली नाही. साधारण तीन वर्षांनी, मनाला येईल तेव्हा, ती चौदा कुंडांत प्रकटते आणि काही काळ राहून आगाऊ इत्तला न देता निघून जाते. आमचे आगमन मात्र छापील पत्रिकेबरहुकूम होते. तेव्हा लोकांनी कोणाकडे धाव घ्यावी, हे उघडच होते.

पाहुण्याला जखडून ठेवण्याचा या गावाला पूर्वानुभव आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळे पुरविल्याबद्दल शिवाजीमहाराजांनी १६६१ साली येथील इंग्रजांची वखार लुटून वखारवाल्यांना कैद केले. त्यांच्या गळ्यात हार घातले नव्हते, एवढाच काय तो त्यांच्या आणि आमच्या बंदिवासातला फरक. आमच्या हारातून तर एक तांबडी मुंगी निघून, ऐन स्वागतगीताच्या वेळी, गळपट्टीखाली उतरली होती. स्तुती चालू असता मुद्रा कशी ठेवावी याचा विधी कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही : हसावे तर सारे मान्य केल्यासारखे होते, गंभीर राहावे तर ‘आणखी चालू द्या’ म्हटल्यासारखे होते, त्यात मुंगी चावली की चेहऱ्यावर जो भाव उमटतो, त्याला अध्यक्षांनी ‘विनय’ म्हटले.

मानपत्र चांदीच्या नळकांड्यात होते आणि त्याची भाषाही तशीच चकचकीत होती. मात्र छापखान्याने तालुक्यातून बदलून गेलेल्या कोणा मामलेदारसाहेबांसाठी जुळविलेला मजकूर काटकसरीने पुन्हा वापरला असावा. कारण ‘सरस्वतीचे वरदपुत्र’ या संबोधनानंतर लगेच, ‘आपल्या कारकिर्दीत साऱ्याची वसुली रयतेस तोशीस न लागता झाली’ हे वाक्य खणखणीत आवाजात वाचले गेले, आणि सर्वांत जोरदार टाळ्या त्यालाच पडल्या.

पुढे भाषणे झाली. मुख्याध्यापकांनी शाळेच्या शिस्तीचे, वैद्यबुवांनी आमच्या बालपणीच्या विषमज्वरावर दिलेल्या काढ्याचे आणि खोतांनी आपल्या विहिरीच्या पाण्याचे गुणगान केले. ग्रंथपालांनी आमचे पुस्तक उंच धरून दाखविले; त्याची पाने अद्याप कापलेली नव्हती. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आमच्या वृद्ध आत्याने शेजारणीला विचारले, “होय गं, पण बाळ्यानं एवढं केलंन तरी काय?” आत्या ऐकायला कमी येत असल्याने मोठ्याने बोलते. सबंध सभेत विषयाला धरून झालेले भाषण ते एवढेच.

दुसऱ्या दिवशी यात्रेकरूंच्या शिरस्त्याप्रमाणे उन्हाळ्याच्या ऊन झऱ्यात आणि मग गंगेत स्नान करून धूतपापेश्वराकडे जाताना मनातला संकोच बराच निवळला. या गंगेचे स्तवन मोरोपंतांसारख्या कवीने केले. काल-परवाही हजारो लोक तिच्यावर फुले उधळीत होते. तिने ना नकार दिला, ना आभाराचे भाषण केले. लोक तिच्यात आपापली पापे धूत होते, तशी आमच्या निमित्ताने गावाने आपली शाळा, आपला काढा आणि आपली विहीर वाखाणून घेतली. त्यात लाजण्यासारखे आमचे असे होतेच काय?

म्हणून, ज्या वाचकांवर असा प्रसंग ओढवेल त्यांना सांगणे एवढेच की, ‘मी याला पात्र नाही’ असे सभेत म्हणू नये. गावाला ते ठाऊक असते. हार घालण्यापूर्वी झटकून घ्यावा, नारळ तेथेच फोडून वाटावा, आणि गावाला स्वतःविषयी चार बरे शब्द मोठ्याने बोलायचे असतील, तर त्यांच्या आड येऊ नये.