मेल गेली म्हणजे गेलीच

चेन्नईच्या अण्णा नगरात सेकंड अव्हेन्यूच्या आसपास एक छोटी कंपनी आहे. तिला पुण्याहून दरपत्रक यायचं होतं. पुणेकर म्हणे, परवाच पाठवलं. (पुणेकर पाठवतो तेव्हा पाठवतोच, वर पोच मागतो.) इकडे इनबॉक्स कोरा, स्पॅमही कोरा. सर्व्हर सांभाळणारा पोरगा शांतपणे म्हणाला, "सार, आपल्याकडे आलंच नाही."

आलं होतं. पुण्याच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये 250 हा आकडा होता. मेल सर्व्हरांच्या बोलीत 250 म्हणजे 'मिळाली, आता माझी जबाबदारी'. त्याच मिनिटाला अण्णा नगरच्या लॉगमध्ये एकच शब्द होता : डिस्कार्ड. म्हणजे वॉचमनने सही करून पार्सल घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कुरियरवाला खूश, वॉचमन खूश.

दरपत्रकाचा गुन्हा काय? नावात दोन शेपट्या. टिंब डॉकएक्स, टिंब पीडीएफ. वर्डची पीडीएफ करताना असं नाव पुष्कळदा आपोआप पडतं. पण 4 मे 2000 रोजी मनिलाहून निघालेलं एक व्हायरसवालं प्रेमपत्र जगभर फिरलं होतं. त्याच्या नावात आधी टीएक्सटी आणि मग व्हीबीएस. विंडोज शेवटची शेपटी लपवायचं, त्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. त्यांनी उघडलं आणि पुढचं रामायण झालं. तेव्हापासून दोन शेपट्यांचा प्रत्येक इसम संशयित. पंचवीस वर्षं उलटली, आरोपी बदलले, नियम तोच.

दुसरा नियम लांब नावाचा. मेलस्कॅनरसारख्या फिल्टरच्या तयार नियमांत दीडशे अक्षरांवरचं नाव संशयास्पद. देवनागरीतलं एकेक अक्षर मेलच्या हेडरमध्ये टक्क्यांच्या खुणांनी लिहिलं की नऊ खुणा खातं. फिल्टरने नाव उलगडायच्या आधीच लांबी मोजली, तर काना-मात्रा धरून सतराव्या अक्षराला मराठी फाइल अतिरेकी ठरते. इंग्रजी नावाला दीडशेची मोकळीक आहेच.

गंमत म्हणजे खरा चोर नावावरून सापडतच नाही. विंडोजच्या एक्सई फाइलला 'आजीचा फोटो' म्हणा, तिची पहिली दोन अक्षरं एमझेडच राहतात. ती बघणारे फिल्टर कधीचे आहेत. सुरू करायला कुणाला वेळ नाही. उलट पासवर्ड घातलेली झिप फिल्टरला आतून दिसत नाही, आणि आपण पासवर्ड त्याच मेलमध्ये खाली लिहितो. हे सुरक्षित!

त्या मानाने आकारमानाची तक्रार प्रामाणिक. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मूळ मर्यादा 1 कोटी 2 लाख 40 हजार बाइट. मेलमध्ये घालताना तीन बाइटांची चार अक्षरं होतात, म्हणून 8 एमबीची फाइलसुद्धा दारात अडकते. चिडचिड होते; पण मेल परत येते, कारण सांगून येते. माणूस झिप करतो, दोन तुकडे करतो, काहीतरी करतो. डिस्कार्डमध्ये तो फक्त वाट बघतो आणि समोरच्याला बेजबाबदार ठरवतो.

याच चेन्नईच्या झोहो कंपनीकडे आज केंद्र सरकारच्या लाखो कर्मचाऱ्यांची मेल गेली आहे. अण्णा नगरात सर्व्हर जाणणाऱ्यांचा दुष्काळ नाही. पोराचंही फार चुकलं नव्हतं. नियमांची फाइल त्याच्या आधीच्या आधीच्याने लिहिलेली, आणि चालू गाडीला हात कोण लावणार?

दरपत्रक शेवटी व्हॉट्सअॅपवर आलं. एकही फिल्टर न ओलांडता.

तर सर्व्हर सांभाळणाऱ्या तमाम मंडळींनो, नियमांच्या फाइलमध्ये जिथे डिस्कार्ड आहे तिथे रिजेक्ट लिहा आणि पुढे कारणाची एक ओळ जोडा. काम पाच मिनिटांचं आहे. आणि पुणेकरांनो, तोवर फाइलच्या नावात एकाच टिंबावर भागवा.