बिनबारशाची गाणी

आमच्या सोसायटीतले काका बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी घरातल्या सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या. त्याला आता सहा वर्षं झाली. एक सीडी चढायला दहा मिनिटं पुरतात. बाकी सगळा वेळ नावं ठेवण्यात जातो. काका दोन्ही अर्थांनी नावं ठेवतात. गाण्यांना, आणि ती आधी ज्यांनी ठेवली त्यांना.

मूळ गोची अशी, की ऑडिओ सीडीला बहुधा आपल्याच गाण्यांची नावं ठाऊक नसतात. कुठलं गाणं कुठे सुरू होतं नि किती लांब आहे, एवढंच तिच्यावर नोंदलेलं. कॉम्प्युटर त्या लांब्या इंटरनेटवरच्या यादीशी ताडून बघतो आणि कुणा हौशी माणसाने भरलेली नावं आणून चिकटवतो. काकांच्या अभंगांच्या सीडीची पत्रिका एकदा कुठल्याशा जर्मन बँडशी जुळली. काका दोन दिवस जेवले नाहीत, असं काकू सांगतात. मला वाटतं, एकच दिवस असावा.

तेव्हापासून ते सगळं हातानेच टाइप करतात, रोमन अक्षरांत. फडक्यांच्या ‘फ’ला ‘पीएच’ की ‘एफ’, आणि ‘सुधीर’मधली ‘धी’ एका ‘आय’ची की दोन ‘ई’ची, हे अजून ठरायचंय. त्यामुळे काकांच्या कॉम्प्युटरात सुधीर फडके तीन आहेत; शिवाय ‘बाबूजी’ म्हणून चौथे. गीतरामायण बाबूजींच्या खात्यात टाकायचं की गदिमांच्या, यावर तर काकूंनी चहा बंद करायची धमकी दिली होती.

“अरे, विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही,” एकदा जिन्यात मला अडवून ते म्हणाले. “मग आपल्या भावगीतांनी जायचं कुठे? निम्मी तर प्रश्नच विचारतात!”

गेल्या रामनवमीला आम्ही त्यांच्या गाडीतून नाशिकला निघालो. पेन ड्राइव्हवर गीतरामायण, सगळी 56 गाणी. गाडीच्या चिमुकल्या पडद्यावर मावतात सोळा अक्षरं, आणि प्रत्येक फाइलची सुरुवात बाबूजींच्या नावाने. म्हणजे 56 वेळा ‘सुधीर फडके’, पुढे काही नाही. त्यात आकड्यांमागे शून्य लावायचं राहिलेलं. गाडीतलं यंत्र अक्षरओळखीने चालणारं. त्याने 1 नंतर 10 लावलं, मग 11. काकू म्हणाल्या, “अहो, हे स्वयंवर कसं लागलं? अजून राम कुठे जन्मलाय?” काका गाडी चालवत गप्प. रामजन्माचं गाणं सहावं. यंत्राच्या हिशेबाने 6 चा नंबर 56 च्या मागे. म्हणजे वनवास आटोपणार, रावण पडणार, शेवटच्या गाण्यात वाल्मीकी लवकुशांना निरोप देणार, आणि मग अयोध्येत पाळणा हलणार.

इगतपुरीला वडापाव खायला थांबलो. काकांनी मागच्या सीटवर लॅपटॉप उघडला आणि एकेका आकड्याला शून्य लावायला बसले. पहिल्या नऊ गाण्यांना एक शून्य पुरलं असतं. त्यांनी 56 च्या 56 गाण्यांना दिलं. “पुढेमागे शंभराच्या वर गेली तर?” म्हणाले. गदिमांना जाऊन चार तपं होत आली, हे मी बोललो नाही.

त्यांचा सीडी ड्राइव्ह दिवाळीत बंद पडला. कुणाकडे चालू स्थितीतला पडून असेल तर कृपया कळवा; नाट्यगीतांच्या चाळीस सीडी अजून बिनबारशाच्या आहेत.