गहू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी नियमावली

प्रस्तुत नियमावली शहापूर व मुरबाड तालुक्यांतील अशा सर्व इसमांना लागू राहील, ज्यांना मोबाईल बघता बघता ‘आपल्याला ग्लुटेन सोसत नाही’ असा साक्षात्कार झालेला आहे. आमचे धाकटे दीर या वर्गात मोडतात. परंतु ती त्यांच्यावरच बेतलेली आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. (भाऊजी, तुमच्यावरच आहे.)

नियम १. आपण गहू खातो का, हे आधी ठरवावे. ग्लुटेन असतं गव्हात, जवात आणि राय नावाच्या विलायती धान्यात. तांदूळ, नाचणी, वरी यांत ते नाही. आपला मुलूख भाताचा. सकाळी तांदळाची भाकर, दोन्ही वेळेला भात. सासूबाईंच्या तरुणपणी घरात गहू यायचा तो होळीच्या पुरणपोळीपुरता. आता रेशनवर गहू मिळतो आणि उरलेला बेकरीवाला दारात आणून देतो. भाऊजी म्हणतात, “वहिनी, पोळी मी कधीच सोडली.” चहाबरोबरची खारी, आसनगाव स्टेशनाबाहेरचा वडापाव, मुरबाडच्या एसटी स्टँडवरचा भजीपाव यांची ते गव्हात गणती करत नाहीत. बिस्किट तर बुडवून खाल्लं की त्यांच्या हिशेबी चहातच जमा.

नियम २. पोट फुगल्यास आदल्या दिवशीचं ताट आठवावे. म्हशाच्या जत्रेहून परतल्यावर केलेली तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. शिवाय कित्येकांना गव्हाने गॅस होतो तो ग्लुटेनमुळे नव्हे, तर गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या घटकामुळे. हे फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही असतं. “मग कांदा सोडून बघा,” म्हटल्यावर भाऊजींना एकदम बरं वाटू लागलं.

नियम ३. तपासणीपूर्वी गहू सोडू नये. एवढा एक नियम पाळलात तर बाकीचे माफ. सीलिअ‍ॅक नावाचा जो खरा आजार आहे, त्यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. रक्ताच्या तपासणीत तीच शोधतात. गहू बंद केला की ती हळूहळू उतरतात, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. आधीच सोडून बसलेल्यांना डॉक्टर पुन्हा काही आठवडे रोज गहू खायला लावतात. तेव्हा तपासणीचा अर्जदार हा पोळी खाणारा असावा. श्रावणात गहू सोडून भाद्रपदात रक्त द्यायला निघालेल्यांनी लाइन अडवू नये.

रक्त शहापुरात किंवा मुरबाडात दिलं तरी नमुना बहुधा खाली कल्याण-ठाण्याला जातो. म्हणून “ग्लुटेनचं काय ते बघा” असं मोघम न सांगता डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘टीटीजी आयजीए’ आणि सोबत ‘टोटल आयजीए’ लिहून घ्यावं. दुसरी यासाठी, की काहींच्या रक्तात आयजीए जातीची प्रतिपिंडं मुळातच कमी असतात आणि मग पहिलीचा निकाल फसवा निघतो. रक्तात काही निघालं तर पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासतात.

नियम ४. डोक्याचे केस मागवून घेऊन न सोसणाऱ्या शंभर पदार्थांची यादी धाडणाऱ्या तपासण्या करू नयेत. ते पैसे गणपतीच्या वर्गणीत द्यावेत.

नियम ५. रिपोर्ट स्वच्छ, तरीही गहू बाधतो, असंही होतं. त्यासाठी वेगळी रक्ततपासणी नाही. सीलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी नाही ना हे आधी बघायचं, मग गहू काही दिवस थांबवून पुन्हा खाऊन बघायचा. म्हणजे भाऊजी, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण क्रमाने या.

नियम ६. सीलिअ‍ॅक निघालाच तर गहू जन्मभर बंद. ‘थोडासा चालतो’ हे कलम नाही. गव्हाचा दोष कळला तो असा: हॉलंडमध्ये विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमारीत पाव मिळेनासा झाला तेव्हा या आजाराची मुलं सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. आपल्याला भाकर सोडायची नाही, हे नशीब. पण गिरणीत आपल्या तांदळाआधी कोणाचा गहू दळला, हे विचारावं लागतं. बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, डबी उलटी करून वाचावी. आणि सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. तो नाकारण्याचं धैर्य ज्याच्यात असेल त्याने या नियमावलीचा पुढचा भाग लिहावा.

नियम ७. तपासणी कोणी करावी. ज्या मुलाची उंची वाढत नाही, ज्याचे जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत, ज्याच्या आईबापांना किंवा भावंडांना हा आजार आहे, ज्याला लहानपणापासून इन्सुलिनचा मधुमेह आहे, त्याने. आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही जिचं हिमोग्लोबिन वर येत नाही, तिने.

इथे मला नियमांची भाषा सुचत नाही. भाऊजी, आमची धाकटी जाऊ किती वर्षं त्या गोळ्या खाते आहे? यंदा भाताच्या आवणीच्या वेळी ती मध्येच बांधावर बसली, तर आपण म्हणालो, ऊन लागलं. तुमच्या डब्याच्या पोळ्या तीच लाटायची. तुम्ही गहू सोडल्यापासून त्या तिच्याच ताटात जातात. कारण दुसरंही असेल: पाळी, जंत, सिकलसेल, अपुरं जेवण. डॉक्टर ती सगळी बघतीलच. पण या आजाराने आतड्याचं अस्तर सपाट झालं असेल तर गोळीतलं लोह अंगात नीट उतरत नाही, आणि आपल्या घरात ग्लुटेनचा एवढा उच्चार होऊनही तिचं रक्त तपासावं असं कोणी म्हणालं नाही.

सोमवारी मी तिला कल्याणला नेते आहे. त्या दिवशी डबा तुमचा तुम्ही करा. तुमचा नंबर तिच्यानंतर. आणि तोवर दोघांनीही पोळी खायची.